आधी दाखला, मग पेन्शन: बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या माणसासाठी इंदूरमध्ये सरकारी मदत मिळवण्याचा क्रम

अर्ज नामंजूर होतो तेव्हा दोष बहुधा त्या अर्जात नसतो. तो दोन पायऱ्या आधीच्या कागदात असतो. पेन्शन अडते कारण समग्र आयडीवरचं (मध्य प्रदेश शासनाच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकावरचं) नाव आधारशी जुळत नाही, निरामय विमा अडतो कारण दिव्यांग दाखल्यावर अक्षमतेचा प्रकार चुकीचा पडलेला आहे, आणि वडिलांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन अडतं कारण मुलाचं नाव कार्यालयात कधी नोंदवलंच नव्हतं. इंदूरमधली बरीच मराठी कुटुंबं थेट पेन्शनच्या अर्जापासून सुरुवात करतात आणि मग वर्षभर मागे-पुढे फिरत राहतात. म्हणून इथे क्रम दिला आहे. तो मोडू नका.

क्रम असा: नाव, तपासणी, यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखकार्ड), बँक खातं, मासिक मदत, निरामय, कायदेशीर पालकत्व, कुटुंब निवृत्तिवेतन.

## टप्पा १: सगळीकडे एकच नाव

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. मराठी घरांचा तर हा खास त्रास आहे.

आपण नाव तीन भागांत लिहितो: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मध्य प्रदेशातल्या बहुतेक फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव एवढंच येतं, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. परिणामी जन्मदाखल्यावर तीन शब्द, आधारवर दोन, समग्रवर आडनाव आधी आणि बँकेत फक्त आद्याक्षर, असं होऊन बसतं. त्यात ‘ज्ञ’ची भर. ज्ञानदा किंवा ज्ञानेश हे नाव रोमन लिपीत मराठी घर ‘डी-एन’ने सुरू करतं, हिंदी ऑपरेटर ‘जी-वाय’ने. ‘ळ’ तर हिंदी टायपिंगमध्ये ‘ल’च होतो, काळेंचे काले आणि मुळ्यांचे मुले होतात. संगणकाला हे दोन वेगळे माणूस वाटतात.

काय करायचं:

१. एका कोऱ्या कागदावर पाच ओळी काढा: जन्मदाखला, आधार, समग्र, बँक पासबुक, शाळेचा दाखला. प्रत्येक ओळीत नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख त्या कागदावर आहे तशी, अक्षर न अक्षर, उतरवा. मराठी-हिंदी आणि रोमन दोन्ही रूपं लिहा.

२. जन्मदाखल्यावरचं नाव पायाभूत धरा. तोच चुकला असेल तर आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत तो दुरुस्त करा.

३. मग आधार, त्यानंतर समग्र, शेवटी बँक. उलट गेलात तर समग्रची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) जुन्या आधारवरून होईल आणि चूक पक्की होईल.

सावध: आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. एक अक्षर दुरुस्त करायला घाईने जाऊ नका. अंतिम रूप घरात ठरवून, कागदावर लिहून मगच केंद्रावर जा.

आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा, कारण पुढचे जवळपास सगळे टप्पे ओटीपीवर चालतात. हा नंबर आजोबांचा किंवा गावी गेलेल्या काकांचा नको. रोज कागदपत्रं हाताळणाऱ्या माणसाचा हवा. मुलांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद ५ व्या आणि १५ व्या वर्षानंतर नव्याने द्यावी लागते. पंधराव्या वर्षीची नोंद राहून गेली की अठराव्या वर्षीच्या कामात आधार अडतो. मूल यंत्रासमोर स्थिर बसत नसेल तर सकाळची, गर्दी नसलेली वेळ घ्या आणि ओळखीचं माणूस शेजारी बसवा. ठसे उमटतच नसतील तर बायोमेट्रिक अपवादाची तरतूद आहे. ऑपरेटरकडे ती नाव घेऊन मागा.

समग्रचे दोन क्रमांक असतात: कुटुंबाचा ८ अंकी आणि व्यक्तीचा ९ अंकी. पेन्शनला व्यक्तीचा ९ अंकी लागतो. अनेक अर्जांत कुटुंबाचा क्रमांक टाकलेला दिसतो.

महाराष्ट्रातून इंदूरला आलेल्या कुटुंबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. दिव्यांग दाखला देशभर चालतो, तो पुन्हा काढायची गरज नाही. पण संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान महाराष्ट्राचं आहे, ते इकडे बदली होऊन येत नाही. तिकडचं रीतसर बंद करून त्याचा कागद घ्या, मग इथे अर्ज करा. दोन्ही राज्यांत नाव चालू राहिलं तर वसुली निघू शकते.

## टप्पा २: तपासणीची तयारी

दाखल्यावरची टक्केवारी पुढच्या प्रत्येक रुपयाचा पाया आहे, आणि ती एका दिवसाच्या तपासणीवर ठरते. म्हणून तयारी त्याच्या आठवडाभर आधीपासून.

मानसशास्त्रज्ञ दोन गोष्टी पाहतात: बुद्धिमापन आणि रोजच्या जगण्यातली सक्षमता. दुसऱ्यासाठी वाइनलँड सामाजिक परिपक्वता मोजपट्टी वापरतात. तिचे प्रश्न मुलाला नसतात, आई-वडिलांना असतात. आणि इथेच चूक होते. ‘जेवतो का स्वतः?’ असं विचारलं की आई म्हणते, ‘हो, सगळं स्वतःच करतो.’ ताट वाढून, घास कालवून, समोर बसून, तीनदा आठवण करून दिल्यावर जेवतो, हे सांगायचं राहून जातं. लेकराचं कमी सांगायला जीभ रेटत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मोजपट्टी विचारते ते मदतीशिवाय काय होतं ते.

सात दिवस वही ठेवा. रोज या गोष्टींपुढे ‘एकटा’, ‘सांगितल्यावर’, ‘हात लावून’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहा: जेवण, अंघोळ, शौच आणि स्वच्छता, बटणं, चपलेचा डावा-उजवा, दहा आणि पन्नासच्या नोटा ओळखणं, सुटे मोजून घेणं, रस्ता ओलांडणं, घरचा पत्ता सांगणं, फोन उचलून निरोप देणं, गॅसजवळची सावधगिरी. ही वही तपासणीला सोबत न्या. वाढवूनही सांगू नका, झाकूनही नको. वाढवून सांगितलेलं अनुभवी तपासनिसाच्या दोन उलट प्रश्नांत उघडं पडतं, आणि मग खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.

भाषेचं आधीच सांगा. घरात मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या मुलाची शाब्दिक चाचणी नुसत्या हिंदीत झाली तर गुण भाषेमुळे घसरतात. ‘घरात मराठी बोलतो, सूचना मराठीत द्याव्या लागतील’ असं नोंदणीच्या वेळीच कळवा. बिने-कामत चाचणी मुळात मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठीच बेतलेली आहे. बोलणं फारच कमी असेल तर बिनशाब्दिक चाचणी, उदाहरणार्थ सेगाँ फॉर्म बोर्ड, घेता येते.

तपासणीच्या आधी हे पाहा:
- कान आणि डोळे तपासून झाले आहेत का? कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा निकाल बुद्धीच्या नावावर जमा होतो.
- गेल्या आठवड्यात फिटची किंवा झोपेची गोळी बदलली आहे का? बदलली असेल तर तारीख पुढे घ्या.
- ताप, अपुरी झोप, उपाशीपोट नको. खाऊ आणि आवडतं खेळणं बरोबर घ्या.
- जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड, ईईजी किंवा एमआरआय, थेरपीचे अहवाल आणि शाळेचं पत्र तारखेच्या क्रमाने लावा. मूळ प्रती दाखवायच्या, द्यायच्या छायाप्रती.

## टप्पा ३: यूडीआयडी आणि दाखला

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. रुग्णालय निवडताना बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीची सोय कुठे आहे ते आधी विचारा. इंदूरमध्ये दाखला वैद्यकीय मंडळ देतं, पण मानसशास्त्रीय चाचणीसाठी एमवाय रुग्णालयात किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात पाठवलं जाऊ शकतं. म्हणजे एक नव्हे, दोन-तीन फेऱ्या धरून चाला. अर्ज भरून रुग्णालयात गेलाच नाहीत तर तो दोन वर्षांनी रद्द होतो.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. अक्षमतेच्या यादीत ‘बौद्धिक दिव्यांगता’ आणि ‘मानसिक रुग्णता’ असे दोन वेगळे प्रकार आहेत. जुन्या कागदांवर पहिल्याला ‘मानसिक मंदता’ म्हणायचे, त्यामुळे ‘मानसिक’ शब्द दिसताच ऑपरेटर दुसऱ्यावर टिक करतो. मानसिक रुग्णता राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट, निरामय विमा चालवणारी केंद्र सरकारची संस्था) कायदा, १९९९ मध्ये येत नाही. त्या कायद्यात चारच प्रकार आहेत: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. एका चुकीच्या टिकमुळे निरामय विमाही गेला आणि सोपं कायदेशीर पालकत्वही गेलं.

सावध: अर्ज सादर करण्याआधी पडद्यावरचा तो रकाना स्वतः वाचा. दाखला हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी पुन्हा वाचा.

टक्केवारीचं गणित. ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत वाइनलँडच्या गुणांवरून ठरलेला तक्ता असा होता:

- ० ते २०: १०० टक्के
- २१ ते ३५: ९० टक्के
- ३६ ते ५४: ७५ टक्के
- ५५ ते ६९: ५० टक्के
- ७० ते ८४: २५ टक्के

मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या आहेत, तेव्हा मंडळात चालू तक्ता विचारून घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. पण मध्यम अक्षमता ७५ वर थांबते, आणि केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला ८० लागतात. हे पाच टक्के कुठल्या तक्रारीने वाढत नाहीत. मात्र दुसरी अक्षमता खरोखर असेल आणि ती तपासलीच नसेल, तर ती तपासून घेणं हा तुमचा हक्क आहे. दोन अक्षमता नुसत्या बेरजेने जोडत नाहीत. मोठी अधिक लहान गुणिले (९० वजा मोठी) भागिले ९० असं सूत्र आहे. बौद्धिक ७५ आणि हालचालीची ४० असेल तर:

७५ + ४० × (९० − ७५) ÷ ९० = ८१.६७

म्हणजे ८० च्या वर. चालताना पाय ओढणारं, एक हात कमी वापरणारं किंवा एका कानाने न ऐकणारं मूल फक्त बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यावर राहून जातं, कारण घरच्यांना ती ‘त्याच आजाराचा भाग’ वाटते. मंडळासमोर ती वेगळी सांगा.

वयाची अटही लक्षात घ्या. एक वर्ष पूर्ण होण्याआधी दाखला मिळत नाही. पाच वर्षांपर्यंत ‘विकासातील सार्वत्रिक विलंब’ असं निदान लिहितात, त्यानंतर ‘बौद्धिक अक्षमता’. ५, १० आणि १८ या वयांना नूतनीकरण करायचं, अठराव्या वर्षीचा दाखला कायमचा. सतराव्या वर्षी काढलेला दाखला घेऊन कायमस्वरूपी मदतीचा अर्ज केला की तो तात्पुरता म्हणून परत येतो.

२०२४ च्या नियमबदलानंतर कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो: ४० पेक्षा कमी पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. कार्ड आलं की रंग आणि टक्केवारी जुळतात का ते पाहा. निकाल मान्य नसेल तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५९ नुसार अपील करता येतं. अपिलाबरोबर सात दिवसांची वही आणि दुसऱ्या सरकारी तज्ज्ञाचा अहवाल जोडा. नुसत्या ‘टक्के कमी दिले’ या वाक्याने काही होत नाही.

## टप्पा ४: बँक खातं

खातं ज्या व्यक्तीसाठी मदत आहे तिच्या स्वतःच्या नावाचं हवं. अठरा वर्षांखाली आई किंवा वडील पालक म्हणून खातं चालवतात. अठरानंतर बँक म्हणते, सही कोण करणार? इथे काही शाखा न्यायालयाचा आदेश मागतात. त्याची गरज नाही: राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीने (पाहा टप्पा ७) दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र खातं उघडण्या-चालवण्यासाठी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सर्व बँकांना कळवलं आहे. शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात या परिपत्रकाचा उल्लेख करा, पोच घ्या.

आधार खात्याला जोडलेला असणं आणि सरकारी रक्कम त्या खात्यात येण्यासाठी मॅप झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम सगळ्यात शेवटी मॅप केलेल्या खात्यात जाते. शाळेत शिष्यवृत्तीसाठी कधीतरी उघडलेलं दुसरं खातं असेल तर पैसे गुपचूप तिकडे जमा होत राहतात. बँकेत ‘डीबीटी (सरकारी रक्कम थेट जमा होणं) कुठल्या खात्यावर आहे’ असं स्पष्ट विचारा.

दोन वर्षं ग्राहकाने काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. ‘त्याचे पैसे त्याच्यासाठी साठू देत’ म्हणून हात न लावणाऱ्या घरांचा हा नेहमीचा फटका आहे. दर तीन महिन्यांनी थोडी रक्कम काढा किंवा भरा.

## टप्पा ५: मासिक मदत

मध्य प्रदेशात ६ वर्षांवरील बहुविकलांग आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी वेगळी आर्थिक सहाय्य योजना आहे. पोर्टलवर ती अजून ‘मानसिक रूप से अविकसित’ याच जुन्या शब्दांत दिसते. दरमहा ६०० रुपये. रक्कम लहान आहे, हे खरं. पण महिन्याचे डायपर किंवा फिटच्या गोळ्या यांतून निघतात, आणि एकदा या नोंदीत नाव आलं की पुढच्या कामांत तो पुरावा होतो.

अर्ज महापालिकेच्या झोन कार्यालयात, लोक सेवा केंद्रात किंवा सामाजिक सुरक्षा पोर्टलवर. यूडीआयडी, ९ अंकी समग्र, आधार, पासबुकचं पहिलं पान, वयाचा पुरावा, फोटो.

इथली नेहमीची चूक: ऑपरेटर यादीतून पहिली दिसेल ती दिव्यांग पेन्शन निवडतो. मग बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) क्रमांक मागितला जातो, तो नसतो आणि अर्ज पडतो. तुम्ही योजनेचं नाव कागदावर लिहून न्या आणि तीच निवडायला लावा. बीपीएल कार्ड नाही एवढ्यावरून स्वतःच आपलं नाव खोडू नका. केंद्राची दिव्यांग पेन्शन वेगळी: तिला १८ ते ७९ वय, ८० टक्के अक्षमता आणि दारिद्र्यरेषेखाली असणं या तिन्ही अटी लागतात.

तपासा: पोच पावतीवर योजनेचं नाव आणि अर्ज क्रमांक आहे का? पावतीशिवाय खिडकीवरून हलू नका. वर्षातून एकदा पडताळणी होते. महापालिकेचं माणूस घरी आलं आणि कुलूप दिसलं तर नाव थांबू शकतं. लांब जाणार असाल तर वॉर्डात कळवून ठेवा.

## टप्पा ६: निरामय

राष्ट्रीय न्यासाचा हा आरोग्य विमा वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आहे. वयाची अट नाही, आधीच्या आजारामुळे नाकारत नाहीत, वैद्यकीय तपासणी लागत नाही. रुग्णालयात दाखल झाल्यावरच नव्हे, तर बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही खर्च ठरलेल्या उपमर्यादेत मिळतो. फिजिओ, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीवर महिन्याला हजारो रुपये जाणाऱ्या घरांनी हा विमा न घेणं म्हणजे हातचं सोडणं आहे.

नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत ऑनलाइन होते. शुल्क काही शे रुपयांचंच, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना त्याहून कमी. तुमच्या मुलाची शाळा किंवा थेरपी केंद्र नोंदलेलं नसेल तर शहरातलं दुसरं नोंदलेलं केंद्र चालतं. तिथे प्रवेश घ्यावा लागत नाही.

विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. फेब्रुवारीत नवी नोंदणी केली तरी मार्चअखेर मुदत संपते, म्हणून नव्याने घेणाऱ्यांनी एप्रिललाच घ्यावा.

दावे कुठे पडतात:
- थेरपीचं बिल साध्या चिठ्ठीवर. छापील, क्रमांकाचं, शिक्का आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक असलेलं बिल हवं.
- डॉक्टरांनी थेरपी लिहून दिलेली चिठ्ठी नाही. बिलाच्या आधीच्या तारखेची चिठ्ठी लागते.
- सहा महिन्यांची बिलं एकदम. उपचार संपल्यापासून महिन्याभरात दावा पाठवा. थेरपीची बिलं महिन्याच्या महिन्याला.
- बँक तपशील वडिलांचा, पण पॉलिसीत पालक म्हणून आईचं नाव.

मूळ बिलं पाठवण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा.

## टप्पा ७: अठरा वर्षं आणि कायदेशीर पालकत्व

याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. मूल अठराचं झालं त्या दिवसापासून कायद्याने आई-वडीलही त्याच्या वतीने सही करू शकत नाहीत. बुद्धीचं वय काहीही असो. ‘आम्ही आई-बाप आहोत, आम्हाला कागद कशाला’ या समजुतीत पाच-सात वर्षं जातात आणि खातं गोठलं की धावपळ सुरू होते. वडीलधाऱ्यांची दुसरी समजूत ‘पाठचा भाऊ बघेल’. बघेलही, मनापासून बघेल. पण बँक आणि पेन्शन कार्यालय त्याच्या मनाकडे बघत नाहीत.

राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ नुसार पालक नेमण्याचा अधिकार स्थानिक स्तर समितीला आहे. समितीत जिल्हाधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. इंदूरमध्ये तिचं काम कलेक्टर कार्यालय आणि सामाजिक न्याय विभागातून चालतं. वकील लागत नाही, कोर्ट फी नाही.

क्रम:

१. सतरा वर्षं सहा महिन्यांना कागद जमवायला घ्या. अठराव्या वाढदिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कायमचा दाखला आणि पालकत्व, दोन्ही अर्ज द्या.

२. फॉर्म ए भरा. आई-वडील दोघं मिळून अर्ज करणं उत्तम. एकच पालक असेल तर दुसऱ्याचा मृत्युदाखला किंवा विभक्ततेचा कागद.

३. यूडीआयडी, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, होणाऱ्या पालकाची ओळख, संमतिपत्र, व्यक्तीच्या नावावरची मालमत्ता असेल तर तिची यादी. सख्ख्या भावंडांचं ना-हरकत पत्र आधीच घेऊन ठेवा. कुणी पुण्यात, कुणी परदेशात असतं आणि नेमका तोच कागद उरतो.

४. सुनावणीला व्यक्तीला बरोबर न्या. तिला काय वाटतं हेही समिती पाहते, आणि ते योग्यच आहे.

सावध: फॉर्ममध्ये पालकत्व व्यक्तीचं (तिच्या देखभालीचं), मालमत्तेचं की दोन्हींचं, असं विचारतात. मालमत्ता नाही म्हणून फक्त पहिल्यावर खूण केली तर बँक पुढे हरकत घेते. पेन्शन ही मालमत्ताच आहे, दोन्ही मागा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर काम संपत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यायचा असतो. खात्यात फक्त सहाशे रुपये येत असले तरी एका पानाचा हिशेब द्या. वादाच्या वेळी हीच पानं प्रामाणिक पालकाच्या बाजूने उभी राहतात.

आई-वडील साठीच्या पुढे असतील तर पुढचा पालक कोण, हे आत्ताच ठरवून मृत्युपत्रात लिहा आणि त्या व्यक्तीला विचारून लिहा.

## टप्पा ८: कुटुंब निवृत्तिवेतन

रेल्वे, टपाल, आरआरकॅट (अणुऊर्जा विभागाची संशोधन संस्था), महूचं सैन्य: इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये निवृत्तांची घरं पुष्कळ. सहाशे रुपयांसाठी चार फेऱ्या घालणारी हीच घरं आयुष्यभर मिळू शकणाऱ्या निवृत्तिवेतनाची नोंद करत नाहीत.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला, वयाची मर्यादा न ठेवता, आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. फेब्रुवारी २०२१ पासून उत्पन्नाची अट सैल झाली: मुलाचं इतर उत्पन्न त्याला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदत यापेक्षा, कमी असावं. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही.

निवृत्त व्यक्ती हयात असतानाच तीन कामं करा. कार्यालयाला कुटुंबाचा तपशील देताना मुलाचं नाव अक्षमतेसह नोंदवा. मुलाच्या वतीने रक्कम कोण घेईल त्याचं नामनिर्देशन लिहून द्या. आणि पीपीओमध्ये (पेन्शनच्या मंजुरी आदेशात) त्याचं नाव आधीच चढवून घ्या. हे राहून गेलं तर पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं, ते समितीचं चालतं, पण वेळ जातो आणि तेवढे महिने घर उत्पन्नाविना राहतं. राज्य शासनाच्या निवृत्तांनी आपल्या पेन्शन कार्यालयात हीच विचारणा लेखी करावी. खासगी नोकरीत ईपीएफ (भविष्य निर्वाह निधी) असेल तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्याला आजीव पेन्शनची तरतूद आहे.

## दिवसाची काळजी, राहण्याची सोय आणि कर

राष्ट्रीय न्यासाच्या मदतीने संस्था चालवतात त्या योजना म्हणजे दिशा (१० वर्षांपर्यंत), विकास (१० च्या वर, दिवसभराचं केंद्र), समर्थ (थोड्या काळाची निवासी सोय) आणि घरौंदा (आयुष्यभराचं घर). इथे अनुदान संस्थेला जातं, तुमच्या हाती येत नाही. म्हणून केंद्रात तीन प्रश्न विचारा: दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, अनुदानातल्या किती जागा भरल्या आहेत, आणि आमच्याकडून घेणार त्या शुल्काची पावती मिळेल का. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं नाही तर मूल तिथे ठेवू नका.

आयकरात जुनी करपद्धत निवडणाऱ्यांना ८०-डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळते: ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० आणि वर १,२५,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते पाहत नाहीत. नवी पद्धत निवडली की ती जाते, तेव्हा दोन्ही गणितं करून मगच ठरवा.

## अडलं तर

आधी लेखी कारण मागा. ‘सर्व्हर डाउन’ किंवा ‘साहेब नाहीत’ हे कारण नाही. मग मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर अर्ज क्रमांकासह तक्रार; काम होण्याआधी ‘तक्रार बंद करा’ असा फोन आला तर होकार देऊ नका. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तिथे एका पानाचा अर्ज हिंदीत द्या, पावत्यांच्या प्रती जोडा. त्यानंतर भोपाळचे दिव्यांगजन आयुक्त.

आणि या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आजच लिहून ठेवा. मार्च: निरामय नूतनीकरण. ३० जून: पालकाचा वार्षिक हिशेब. नोव्हेंबर: निवृत्तांचा हयातीचा दाखला, आणि त्याच फेरीत पीपीओवर मुलाचं नाव आहे का ते विचारणं. दर तिमाहीला खात्यात एक व्यवहार. पाचवं, दहावं आणि अठरावं वर्ष: दाखला. पंधरावं: आधार. साडेसतरा: पालकत्वाचे कागद.